सोमवारची मंडळी आणि मी

हात लावू नका, मी तापलेली आहे. मी इस्त्री. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातली, जुन्या घडणीची, उचलणाऱ्याचं मनगट वाकवणारी. तुम्हा माणसांच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणे. मला मस्तक नाही, नुसता तळ आहे, म्हणून माझा राग जिथे पेटतो तिथेच राहतो. हल्ली वायर काढून ठेवली तरी तो निवत नाही. का, ते सांगते. ऐकायला वेळ नसेल तर तुम्हीही त्या कमिटीतलेच, असं मी समजेन.

माझा तळ एका ओतशाळेत ओतला गेला आणि लाकडी मूठ दुसऱ्या कारखान्यात बसली. बाईंच्या सासऱ्यांनी मला विकत घेतलं तेव्हा दोन-तीनदा उचलून पाहिलं आणि म्हणाले, "हिला वजन आहे. हिच्यापुढे सुरकुती टिकायची नाही." पुढे सासरे गेले, दुकान मुलाकडे आलं. मुलाचा जीव शिलाई मशीनवर, रफू करण्यात आणि पँटी आल्टर करण्यात. त्यामुळे मी सुनेच्या हातात आले. त्या आमच्या बाई. गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, आणि रुसले की त्यांचे यजमानसुद्धा.

बाई मला कपड्यावर कधी विसरल्या नाहीत. घाम पुसायचा असो, शिंक येवो, कुणी सुट्टे मागो, आधी मला उभी करायच्या, मग बाकीचं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक रुमालही पिवळा झाला नव्हता.

माणसं मला चांगली कळतात. कोटाखाली जाणारा शर्ट असला की म्हणतात, "नुसती कॉलर आणि बाह्यांची टोकं करा, बाकी कोण बघतंय?" अशी अर्धी परीटघडीची माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. दिसेल तेवढंच सरळ करून घ्यायचं, आतलं आत चुरगळलेलं राहू द्यायचं. यावर मी कधी काही बोलले नाही, कारण तेव्हा मला एवढा राग येत नसे.

राग सुरू झाला तो रविवारांमुळे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चर्च आहे. रविवारी सकाळी सगळ्या मंडळीला उपासनेसाठी कडक कपडे हवेत, आणि तेही त्याच सकाळी, कारण शनिवारी नेले तर घरी चुरगळतात म्हणे. उजाडायच्या आधीपासून बाई माझ्यापाशी उभ्या. शर्ट, पँटी, मुलींचे झालरींचे फ्रॉक, आणि सगळ्यांत शेवटी पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, पांढरा झगा. त्याच्या एकेका चुणीवरून बाई मला अशा फिरवायच्या की जणू तो झगा नाही, झोपलेलं मूल आहे.

मग घंटा व्हायची आणि दुकान रिकामं व्हायचं. बाई स्टुलावर बसून पाय पाण्याच्या बादलीत बुडवायच्या. लांबून गाण्याचा आवाज यायचा. बाई ते गीत तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, तोवर हॉटेलवाल्यांचे आणि हॉस्पिटलवाल्यांचे गणवेश यायचे, कारण रविवारी ज्यांना काम असतं त्यांनाही कपडे लागतातच.

आणि पाळकसाहेब काय म्हणायचे? ताजा, गरम झगा हातावर घेऊन म्हणायचे, "बाई, उपासनेला दिसत नाही तुम्ही हल्ली. देवासाठी एक तास काढायला हवा."

बाई हसायच्या. मी हसले नाही. सबंध चर्चचे कपडे सरळ करणारी बाई चर्चच्या बाहेर, आणि तिलाच उपदेश. मनात यायचं, त्या हाताला एकदा नुसतं टेकावं.

असाच एक रविवार. दुकानात रांग लागलेली, टेबलावर पाळकांचा झगा पसरलेला. रात्रपाळी संपवून हॉस्पिटलातली आया आली. ती आमची नेहमीची, पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता.

"बोल गं," बाई म्हणाल्या.

"काही नाही, बाई. पहाटे वॉर्डात एक आजी गेल्या. माझा हात धरून म्हणत होत्या, माझ्यासाठी प्रार्थना कर. मला येत नाही हो. रविवारी कायम ड्युटी, मला शिकवणार कोण? मी नुसतं हो हो म्हणत राहिले. त्या वाट बघत गेल्या."

रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "बाई, पहिली घंटा झाली." बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी मला हातातून सोडलं, टेबलावरून वाकून आयाचे दोन्ही हात धरले आणि प्रार्थना करायला लागल्या. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. त्या आजींसाठी केली, आयासाठी केली, आणि मग म्हणाल्या, "प्रभू, ज्यांना तुझ्या दारात यायला सुट्टी मिळत नाही, त्यांच्याकडे कोण जाणार? सांग, कोण जाणार? मी जाईन."

मी तेव्हा झग्यावर आडवी होते. बाईंनी मला उभी केलीच नव्हती. धूर निघाला. रांगेतले ओरडले, "बाई, जळतंय." बाईंच्या नाकात वास नक्की गेला असणार, पण आमेन होईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला उचललं तेव्हा झग्याच्या पाठीवर माझा आख्खा आकार उमटला होता, तपकिरी, टोकापासून टाचेपर्यंत. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं.

पाळकसाहेब आले, झगा पाहिला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "असू दे, बाई. इस्त्री बिघडली असेल."

मी बिघडले? माझी साधी कॉइलसुद्धा कधी बदलावी लागली नव्हती.

"इस्त्री ठणठणीत आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "मला देवाचं पाचारण झालंय. आत्ताच."

पाळकांनी घड्याळ पाहिलं. "आपण नंतर बोलू," असं म्हणून ते साध्या कोटात उपासनेला गेले. ते 'नंतर' पुढे बरंच लांबलं.

बाई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. घरात बोलणी सुरू झाली. यजमान मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "अगं, या वयात लोक रिटायर होतात."

"मग मी रुजू होतेय असं समजा," बाई म्हणाल्या.

लेकीचा फोन आला. "आई, आधी त्या गुडघ्यांचं काय ते बघ. मग जगाचं बघ."

बाईंनी दोन्ही बघायचं ठरवलं. संध्याकाळी दुकान यजमानांवर सोडून त्या पवित्र शास्त्राच्या वर्गाला जायला लागल्या. नातवंडं शोभतील अशा मुलामुलींच्यात बसून त्यांनी अभ्यास केला. दिवसा इस्त्री करता करता त्या धडे मोठ्यानं घोकायच्या, त्यामुळे बायबलमधले सगळे संदेष्टे मलाही ओळीनं पाठ झाले. बाई परीक्षा पास झाल्या. मग चर्चच्या कमिटीला जाऊन म्हणाल्या, मला सेवेचं काम द्या, रविवारी काम करणाऱ्यांत मी जाते.

कमिटीचे सेक्रेटरी पँट न्यायला दुकानात आले आणि निकाल तिथेच सांगितला. "पाचारण तरुणपणी येतं, बाई. साठीला येतो तो नुसता कंटाळा."

"देवाला माझा पत्ता मिळायला उशीर झाला असेल," बाई म्हणाल्या. "रविवारी मी चर्चमधल्या जागेवर नसते ना."

सेक्रेटरींना ते कळलं नाही. त्यांनी पँट उजेडात धरून तिची कड नीट आली आहे का ते पाहिलं, आणि जाता जाता म्हणाले, "शिवाय बाईमाणसानं पुलपिटावर उभं राहून संदेश द्यायचा म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अशा माणसांची वाक्यं दुसऱ्यांनी पुरी करायची असतात.

बाईंनी ते वाक्यही पुरं केलं नाही आणि परवानगीची वाटही पाहिली नाही. आमचं दुकान सोमवारी बंद असायचं. एका सोमवारी दुपारी बाईंनी शटर उघडलं, टेबल पुसलं, त्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली. पंख्यानं गीतांच्या पुस्तकाची पानं उडायला लागली म्हणून मला उचलून पानांवर ठेवलं. गार, वायर गुंडाळलेली मी, आणि समोर चौघं. बाईंचे यजमान, आया, बँकेचा रखवालदार, आणि हॉटेलातला आचारी, ज्याला टोपी काढायचं सुचलं नव्हतं. हीच आमची पहिली मंडळी.

बाईंच्या अंगात झगा नव्हता, रोजचा अ‍ॅप्रन होता. लोकही आपापल्या कामाच्या कपड्यांत यायचे. कुणाच्या शर्टाला इस्त्री नसायची आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. हळूहळू ट्रकवाले आले, पेट्रोलपंपावरची मुलगी आली, नर्सेस आल्या. जागा पुरेना, तेव्हा यजमानांनी फुटपाथवर दोन बाकडी टाकली आणि "मी काही भक्त नाही, मी नुसता फर्निचरवाला" असं म्हणत दर सोमवारी तिथेच बसू लागले.

या मंडळीत बाईंनी नियम एकच केला होता. रात्रपाळीहून आलेला माणूस उपासनेत झोपला तर त्याला उठवायचं नाही. मागच्या भिंतीशी अशी चार-पाच माणसं नेहमी असत. आया तर दुसऱ्या गीतालाच भिंतीला डोकं टेकायची. यजमानांनी तिच्यासाठी जुन्या कोटाच्या अस्तराची एक उशी शिवली होती. बाई म्हणायच्या, "देवाच्या दारात येऊन झोप लागते म्हणजे इथे भीती वाटत नाही. झोपू दे." मला तो नियम फार आवडायचा. त्यानंच आमचा घात केला.

या मंडळीला एक मोठी उणीव होती. बाईंना दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून रीतसर नेमणूक, नव्हती. त्यामुळे बाप्तिस्मा नाही, भाकरी-द्राक्षारसाचं प्रभुभोजन नाही, लग्न नाही, आणि कुणी गेलं तर चर्चच्या कबरस्तानात जागा नाही. सोमवारची मंडळी फक्त प्रार्थना करू शके, गाऊ शके आणि संदेश ऐकू शके. जिवंतपणी तेवढं पुरतं. पण माणसाला म्हातारे आईबाप असतात.

मंडळी वाढली तसे सेक्रेटरी पुन्हा आले, या वेळी पँट न घेता आणि सोमवारी. मागच्या भिंतीकडे बघून कुजबुजले, "उपासना आहे की धर्मशाळा?" पण उपासना झाल्यावर आवाज गोड केला. म्हणाले, कमिटी या मंडळीला मान्यता द्यायला तयार आहे. चर्चच्या मागचा हॉल मिळेल, दीक्षा घेतलेला तरुण पाळक मिळेल, बाप्तिस्मे होतील, दफनाला जागा मिळेल. अट एवढीच, उपासना रविवारी सकाळी व्हायची. "ख्रिस्ती माणसाचा वार रविवार. सोमवारची मंडळी हा काय प्रकार आहे? कामावर पाळ्या बदलून घ्या, मार्ग निघतो. आणि बाई मदतीला असतीलच."

मदतीला. जिनं चूल मांडली ती मदतीला, आणि आयत्या बिळावर नागोबा पाळक.

मग रखवालदार उठला. भला माणूस, पहिल्या सोमवारपासूनचा. "बाई, आमचा म्हातारा आज-उद्याचा आहे. त्याला कुठे ठेवू मी? मला तुम्ही हव्या आहात, पण त्याला जागाही हवी."

यावर बाईंनी काय म्हणावं? त्यांनी म्हणायला हवं होतं की मग रविवारी ड्युटी असलेल्यांचं काय. ओरडून म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मंडळी माझी नाही, तुमची आहे. तुम्ही ठरवा." कसला हा मोठेपणा? त्या दिवशी मी बाईंवरही चिडले.

"हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

यजमान मागे जाऊन आयाला हलवायला वाकले. रखवालदार हळूच म्हणाला, "राहू द्या हो. आपला नियम आहे." आणि यजमान परत फिरले. हात वर झाले. ज्यांना पाळ्या बदलून मिळणार होत्या त्यांचे हात वर झाले. ज्यांना कधीच मिळणार नव्हत्या ते भिंतीला टेकून झोपले होते, आणि आम्ही त्यांच्या झोपेचा मान राखत होतो.

नंतर त्यांना कुणी सांगितलंही नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

मग त्याच आठवड्यातला रविवार उजाडला. हॉलमधली पहिली उपासना. सकाळीच दुकानासमोर रांग, आणि रांगेत कोण? आमचीच सोमवारची माणसं. आचारी, पेट्रोलपंपावरची मुलगी, रखवालदार. हातात कपडे. "बाई, जरा पटकन. पहिलाच दिवस आहे, चुरगळलेलं बरं दिसत नाही."

बाईंनी मला प्लग लावला. एकेक कपडा घेऊन त्या मुकाट्यानं करत राहिल्या. रखवालदाराचा शर्ट टेबलावर आला. तो म्हणाला, "तुम्ही येताय ना, बाई?"

"तुमचे कपडे झाले की," बाई म्हणाल्या.

गरज सरो, वैद्य मरो, हे मी ऐकून होते, पण वैद्याकडूनच जाताना शर्ट कडक करून घेतात हे त्या दिवशी पाहिलं. बाईंच्या मुठीतली मी इतकी पेटले होते की चर्चसकट सगळी गल्ली जाळावी. एक बाही झाली. बाईंनी शर्ट फिरवला, आणि तेवढ्यात आया आली. रात्रपाळीहून, डोळे लाल, गणवेश चुरगळून गोळा झालेला.

"बाई, उद्या नेहमीच्याच वेळेला ना? वॉर्डातल्या दोघी यायचं म्हणताहेत."

रांगेतले सगळे आपापल्या चपला पाहू लागले.

"सोमवार बंद झाला," बाई म्हणाल्या. "आता रविवारी असतं."

"कधी ठरलं?"

"तू झोपली होतीस तेव्हा."

आया रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मग उठवायचं ना, बाई. एवढ्यासाठी उठले असते मी."

बाईंनी मला उभी केली. मग भिंतीकडे वळून माझा प्लग ओढला. रखवालदाराचा शर्ट घडी न घालता त्याच्या हातात दिला.

"बाई, एक बाही राहिलीये."

"राहू दे. दुकान बंद आहे."

"अहो, पण उपासना..."

"जा ना. जा म्हणतेय मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता. "या पोरीला मी हात धरून वचन दिलं होतं. तुमच्या कमिटीला नव्हतं दिलं."

लोक गेले. रखवालदारही गेला, एक बाही कडक आणि एक चुरगळलेली घालून. बाई आयाशेजारी स्टुलावर बसल्या आणि रडल्या. यजमानांनी मशीन थांबवलं, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "उद्या बाकडी किती टाकू?"

दुसऱ्या दिवशी एक बाकडंही भरलं नाही. आया आली, तिच्या दोघी मैत्रिणी आल्या, भिंतीशी झोपणारे दोन वॉर्डबॉय आले. बाईंनी संदेश दिला नाही. त्यांनी एकेकाला विचारलं, "ठरवायच्या वेळी तुम्हाला उठवलं नाही. मला माफ कराल?" त्यांनी केलं. ती माणसं फार लवकर माफ करतात, म्हणूनच त्यांच्या वाट्याला असं येतं.

चर्चमध्ये जाहीर झालं की इस्त्रीच्या दुकानात चालतं त्याला मंडळी म्हणू नये. सेक्रेटरींनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. हे एक बरं झालं.

रखवालदाराचे वडील पुढे वारले. त्यांना कबरस्तानात जागा मिळाली, नियमानं सगळं झालं. तरुण पाळक घाईत आले, आणि खड्ड्यापाशी उभं राहून त्यांनी रखवालदारालाच विचारलं, "यांचं नाव काय होतं?" त्यानंतरच्या सोमवारी रखवालदार दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत येईना. बाई गीत थांबवून म्हणाल्या, "या, बसा. म्हाताऱ्यांना जेवण जात होतं का शेवटी?" तो आत आला आणि भिंतीशी बसून खूप रडला. बाईंनी त्याला माफ केलं. मी नाही केलं. माझ्यावर तशी सक्ती नाही.

आता दुकानात वाफेची नवी इस्त्री आली आहे, हलकी, बटणांची. बाईंच्या मनगटाला माझं वजन झेपत नाही. मी सोमवारपुरती राहिले आहे, गीतांच्या पुस्तकावर ठेवायला. बाई थकल्या आहेत. बोलता बोलता टेबल धरतात. दीक्षा त्यांना अजून मिळालेली नाही आणि मिळणारही नाही. कबरस्तानातली जागा रविवारी येणाऱ्या, नोंदल्या मंडळीलाच मिळते, हे सेक्रेटरी रस्त्यात गाठून त्यांना मुद्दाम सांगून गेले. बाई म्हणाल्या, "मला कुठे आत्ता घाई आहे?" पण दुकानात आल्यावर त्या बराच वेळ माझ्या मुठीवर हात ठेवून बसल्या होत्या. एवढ्या लोकांचे कपडे उभं राहून सरळ केलेल्या बाईला आडवं व्हायला सहा फूट जमीन नाही. मग सांगा, मी कशी निवू?

तुमच्यातलं कुणी अशा कमिटीवर असेल, तर तिथे जाऊन हे सांगा. सांगायची हिंमत नसेल तर निदान आमच्याकडे कपडे घेऊन येऊ नका. रविवारी दुकान आता बंद असतं. उपासनेला जायचंच असेल तर चुरगळलेले जा, आणि त्या दारात उभं राहून बघा, कोण परत पाठवतं ते. देव पाठवणार नाही. जो पाठवील, त्याला सांगा की इस्त्री तापलेली आहे.